लव्हडे मावशी आणि काळ्या कडेचं पाकीट

मल्गा क्रीकला चांदी लागली त्या वर्षी मूंट्याच्या तांब्याच्या खाणी अर्ध्याअधिक बंद पडल्या होत्या. आपली कॉर्निश माणसं बापजाद्यांपासून दगड फोडत आलेली. हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमत नाही. ज्याच्या अंगात जोर होता तो आपली हत्यारं गुंडाळून निघाला. बायकामुलं मूंट्यालाच राहिली, कारण मल्गा क्रीकला तेव्हा ना पाणी होतं, ना सावली, ना घरं. तंबू होते, माश्या होत्या आणि टेकडीच्या कण्यातून वर आलेला काळा, जड दगड होता. त्या दगडात शिसं आणि चांदी.

लव्हडे रॉडा मात्र नवऱ्याबरोबर आली. नवरा जोसाया छातीने अधू झालेला. अर्धं आयुष्य खाणीतली धूळ गिळलेला माणूस, त्याला आता खाली उतरवत नव्हतं. तंबूच्या तोंडाशी बसून तो लोकांचे बूट शिवायचा आणि खोकायचा. घर चालायचं लव्हडेच्या हातांवर. ती पाव भाजायची आणि कपडे धुवायची. हात दणकट होते, कारण लहानपणी खाणीच्या तोंडाशी बायकांच्या रांगेत बसून तिने हातोडीने तांब्याचा दगड फोडला होता. त्याच वयात चॅपलच्या रविवारच्या शाळेत ती लिहायला शिकली. आपल्यात वयाने मोठ्या बाईला मावशी म्हणतात, म्हणून साऱ्या छावणीची ती लव्हडे मावशी.

छावणीची पत्रं तीच लिहायची. फार थोड्यांना लिहिता यायचं, आणि ज्यांना यायचं त्यांचीही बोटं दिवसभर हातोडा धरून इतकी ताठलेली असायची की दौतीत टाक बुडवता बुडवता दौत लवंडायची. लव्हडेची पद्धत ठरलेली होती. माणसाला मेणबत्त्यांच्या खोक्यावर बसवायचं आणि टाक हातात न घेता त्याचं सगळं ऐकून घ्यायचं. मग विचारायचं, यातलं तिला काय कळायला हवं? आणि तिने काय करावं असं तुला वाटतं? बहुतेकांना इथे घाम फुटायचा. मग ती लिहायची, मोठ्याने वाचून दाखवायची, आणि माणसाने मान हलवल्याशिवाय घडी घालायची नाही. पत्राला वेळ लागायचा. घाई असेल त्याने पुढच्या रविवारी यावं, असं ती सांगायची.

सुरुवातीच्या त्या दिवसांत चांदीचा कैफ सगळ्यांनाच होता. कुणी राखाडी दगडाचा तुकडा खिशात घालून यायचा आणि म्हणायचा, "लिही मावशी, इथे पायाखाली चांदी आहे."

"तुझ्या पायाखाली की कंपनीच्या?"

"कंपनीच्याच म्हणायचं."

"मग कंपनीचं नाव घालून लिहिते."

तो माणूस चडफडायचा, बाकीचे हसायचे. पण तिच्या हातचं पत्र वाचून कुणी घरदार मोडून मल्गा क्रीकला आला आणि फसला, असं झालं नाही. दुसऱ्या छावण्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

पुढे तापाची साथ आली त्या उन्हाळ्यात तिला दुसऱ्या प्रकारची पत्रं लिहावी लागली. माणूस गेल्याचं पत्र आपल्यात काळ्या कडेच्या कागदावर जातं. मूंट्याच्या पोस्टमनला अशी कड दिसली की तो ते पाकीट बाईच्या हातात देत नाही. चॅपलच्या ओट्स काकांकडे नेतो. काका दोन बायकांना बरोबर घेऊन त्या घरी जातात. दार वाजायच्या आधीच खिडकीतून तिघं दिसली की घरातल्या बाईला कळतं. पडदे ओढले जातात, शेजार गोळा होतो, आणि सासरची माणसं येईपर्यंत पाकीट फोडायचं नाही. इतक्या वेळात बाई अर्धी होते. छावणीत काळ्या कडेचा कागद मिळत नव्हता, तेव्हा साथीच्या दिवसांत लव्हडे पट्टीने रेघ मारून शाईने कड भरायची. चारी बाजू सारख्या. घाईघाईने फासलेली कड पाहून घरच्यांना वाटायला नको की माणूसही घाईनेच पुरला.

पण ही गोष्ट त्याच्या आधीची. मल्गा क्रीकला तेव्हा अजून कुणी मेलं नव्हतं.

हार्ट नॅन्किव्हल हा पंचविशीतला, रुंद छातीचा, बोलायला मोकळा. त्याची बायको टेम्परन्स मूंट्याला एकटी होती, दिवस भरत आलेली. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल आठव्या महिन्यात गेलं होतं आणि ती स्वतः कशीबशी वाचली होती. डॉक्टरने या खेपेला बजावून ठेवलं होतं की तिला कसलाही धक्का बसता कामा नये. हार्ट ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा. सांगितली की त्याला जरा बरं वाटायचं. बायकोला वाचता येत नव्हतं, तरी तो दर आठवड्याला पत्र पाठवायचा. शेजारीण वाचून दाखवायची.

त्या आठवड्यात लव्हडेने त्याचं पत्र शनिवारीच लिहिलं. पाकिटं संपली होती, म्हणून एका कोऱ्या कागदावर पत्ता लिहिला. त्या कागदाची घडी घालून पाकीट करायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात भट्टीचं लोखंडी झाकण घसरलं आणि तिचा उजवा तळहात भाजला. तिने दोन्ही कागद हार्टच्या हातात दिले आणि म्हणाली, घडी तूच घाल आणि पेटीत टाक.

हार्टला घड्या घालणं अवघड नव्हतं. खाणीत सुरुंगाच्या दारूच्या कागदी पुड्या वळाव्या लागतात. कड नीट दाबली नाही तर दारू सांडते, आणि सांडलेली दारू पुढे काय करील ते सांगता येत नाही. म्हणून आपली माणसं घडी घातली की अंगठा कडेवरून एका दाबाने शेवटपर्यंत ओढतात. हार्टचा अंगठा त्यात तरबेज होता. तो नुकताच पाळी संपवून वर आला होता. बोटांना मेणबत्तीची चरबी, आणि चरबीवर त्या काळ्या दगडाची भुकटी. पाणी छावणीत पिण्यापुरतंही मोजून मिळायचं, हात धुण्याची चैन कोण करणार.

सोमवारी पहाटे मॅकर्डीची डाकगाडी पेटी रिकामी करून गेली. दिवस वर आल्यावर हार्ट पाळीवर जाता जाता मावशीकडे डोकावला. भाजल्यावर लावायला त्याने मेंढीची चरबी आणली होती, कागदाच्या पुडीत. लव्हडेने ती डाव्या हातात घेतली. पांढऱ्या कागदाला चारी बाजूंनी बोटभर काळी कड होती, दुकानातून आणल्यासारखी एकसारखी.

"पत्राच्या पाकिटालाही असंच केलंस?"

"मग काय. पुडी वळण्यात या छावणीत माझा हात धरणारा दाखव, मावशी."

तिने पुडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "हार्ट, नीट बघ. मूंट्याच्या पोस्टमनच्या डोळ्यांनी बघ."

हार्ट बघत राहिला. मग पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. म्हणाला, "ती खिडकीतच बसून असते, मावशी. दिवसभर."

लव्हडेने त्याला फार वेळ बसू दिलं नाही. डाकगाडी डोंगराला वळसा घालून जाते. वाटेत दोन छावण्यांची पत्रं उचलते आणि दुपारी केन्स वेलला घोडे बदलते. तिथे पहिलं सरकारी पोस्ट. तोवर पत्रं सुटी असतात, तिथे थैलीत जाऊन थैलीवर लाख लागते. डोंगर ओलांडून सरळ गेलं तर केन्स वेल अर्ध्या अंतरावर. पीठ आणायला लव्हडे दोनदा त्या वाटेने गेली होती, हार्ट कधीच नाही. चुकला असता तर त्या खोट्या कडेमागून खरी काळी कड पाठवायची वेळ आली असती. तिने सांगितलं, तू रस्त्याने पळ, गाडीचं चाक मोडलं असेल तर तुला सापडेल. मी डोंगरातून जाते.

"तुझा हात—"

"हातावर चालत नाही मी."

 लव्हडेचे बूट तळव्याला उघडे होते, म्हणून जोसायाने आपले बूट काढून तिच्या पुढ्यात ठेवले, आत चिंध्या कोंबून दिल्या आणि नाड्या स्वतः आवळल्या.

ज्याला श्रमाची ओळख आहे तो चढणीला लागताना पळत नाही. लव्हडे पळाली नाही. भाजलेला हात खाली लोंबला की ठणकायचा, म्हणून तिने तो रुमालाने गळ्यात बांधला. त्याने ठणका कमी झाला, पण तोल गेला. त्या डोंगराचा दगड पत्र्यासारखा सुटा आहे, पाऊल ठेवलं की पाऊलभर मागे सरकतो. दोन्ही हात मोकळे असले तर माणूस सावरतो. तिने प्रत्येक पाऊल आधी दाबून पाहिलं, मग त्यावर भार टाकला. जाड तागाच्या कापडाची पाण्याची पिशवी पाठीला होती. खिंडीत पोचेपर्यंत ती पाणी प्यायली नाही. चढणीवर प्यायलेलं पाणी लगेच घामात जातं आणि पोट जड होतं ते वेगळंच.

खिंडीतून तिला डाकगाडीची धूळ दिसली. गाडी दुसऱ्या छावणीतून निघाली होती. तिने दोन घोट घेतले आणि उतरणीला लागली. उतरण गुडघे मोडते, ते चढणारे लोक विसरतात. अर्ध्यावर तिचा पाय सुटला आणि ती त्याच हातावर पडली. तेव्हा ती ओरडली की नाही, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे जोसायाने एवढंच पाहिलं की हाताला बांधलेलं फडकं बदलावं लागलं होतं आणि जुनं फडकं तिने वाटेत टाकलं नव्हतं, घडी करून परत आणलं होतं.

ती केन्स वेलला पोचली तेव्हा ताजे घोडे जुंपून झाले होते. मॅकर्डी आपल्या जागेवर चढून बसला होता, थैली त्याच्या पायाशी, आणि थैलीच्या तोंडावर लाख. अजून मऊ असेल, इतकी ताजी.

तिला पाहून मॅकर्डी खाली उतरला आणि त्याने टोपी काढली. म्हणाला, फार वाईट झालं बाई, ते पत्र मी बाकीच्यांत मिसळलंसुद्धा नाही, सगळ्यांच्या वर ठेवलं.

"कोण मेलं म्हणून सांगितलंस तू इथे?"

"नॅन्किव्हलच्या घरचा पत्ता आहे. म्हणजे हार्टच ना? तरणाताठा माणूस."

"हार्ट रस्त्याने पळत येतोय."

मॅकर्डीने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, मग पुन्हा काढली. खानावळीच्या दारात एक माणूस आपला बिछाना बांधून उभा होता. हार्ट गेल्याचं ऐकून, त्याच्या जागी आपली वर्णी लागते का ते बघायला तो मल्गा क्रीकला निघाला होता. त्याने बिछाना हळूच खाली ठेवला.

पोस्टातला कारकून फेअरली, कॉलर लावणारा पोरसवदा माणूस, बाहेर आला. वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितलं की एकदा लाख लागली की थैली राणीची. ती आता रेल्वेच्या ठाण्यावरच उघडणार. मी तोडली तर मी तुरुंगात, आणि मॅकर्डी माझ्या शेजारी. मॅकर्डीने मान डोलावली. त्याची तयारी होती, पण शेजार त्याला पसंत नव्हता.

भांडण्यात दम घालवणं लव्हडेला परवडणारं नव्हतं. तिने विचारलं, थैलीच्या बाहेर काय जातं? मॅकर्डी म्हणाला, उशिराने आलेलं पत्र मी कोटाच्या खिशात घेतो आणि ठाण्यावर हातात देतो. तिथून ते तसंच सुटं, हातोहात जातं.

"मग माझं एक उशिराचं घे."

फेअरलीने तिला कागद आणि पाकीट दिलं. तिने कागद परत केला. पाकीट गाडीच्या पायरीवर ठेवलं, कोपराने दाबून धरलं आणि टाक डाव्या हातात घेतला. डाव्या हाताने ती आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होती. अक्षरं पावासारखी मोठी आणि वाकडी. फेअरली बघत होता. त्याने सांगितलं की बाई, बाहेर फक्त पत्ता लिहायचा असतो, मजकूर आत.

"आत लिहिलं तर वाचणार कोण?"

"ज्याच्या नावाचं आहे तो."

"त्याच्या हातात पडेपर्यंत उशीर झालेला असेल. मला हे वाटेतल्या सगळ्यांनी वाचायला हवंय. तू सुरुवात कर."

फेअरलीने पाकीट उचललं आणि वाचलं. आधी मनात, मग तिने खूण केल्यावर मोठ्याने.

"मूंट्याचे ओट्स काका यांस. हार्ट नॅन्किव्हल जिवंत आहे. त्याच्या पाकिटाची काळी कड सुतकाची नाही, त्याच्या अंगठ्याची आहे. टेम्परन्सच्या दारात कुणी टोपी काढू नये. लव्हडे रॉडा."

बिछानावाला पहिला हसला. फेअरलीने शिक्का मारताना अक्षरांवर येणार नाही अशी जागा शोधली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून हार्ट आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेला, तोंड उघडं, आवाज गेलेला.

"हे असं भूत जिवंत आहे म्हणून सांगायचं मी?" मॅकर्डी म्हणाला.

हार्टने गाडीचं चाक धरलं. मला टपावर टाक, मी स्वतः जातो, असं तो खुणेनेच सांगत होता. पण आत पाच माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती, त्यातला एक तापाने फणफणलेला, आणि टपावर दगडाच्या नमुन्यांची पोती होती. घोडे त्याहून जास्त ओढणार नव्हते. मॅकर्डीने पाकीट खिशात घातलं, मग काढलं आणि टोपीच्या पट्ट्यात समोर खोचलं, अक्षरं बाहेर करून.

"आता वाटेत लोक मला थांबवून हे वाचतील," तो म्हणाला आणि गाडी हाकली.

त्यानंतर थांबणं. डोंगर चढणं सोपं होतं असं वाटावं इतकं ते अवघड. डाकगाडी आठवड्याला एकदा. पहिल्या खेपेला मॅकर्डीने एवढंच सांगितलं की रेल्वेच्या ठाण्यावर कारकुनाने पाकीट वाचून गार्डच्या हातात दिलं आणि गार्डने वचन दिलं की प्रत्येक स्टेशनावर वाचून दाखवीन. पुढच्या खेपेला काहीच नाही. हार्टचा हातोडा छिन्नीवर नीट बसेना. छिन्नी धरणाऱ्या जोडीदाराने त्याला दोन दिवस सहन केलं, मग हातोडा काढून घेतला आणि छिन्नी त्याच्या हातात दिली.

लव्हडे तिची कामं करत राहिली. डाव्या हाताने पीठ मळणं तिने शिकून घेतलं. चूक हार्टची, असं छावणी म्हणायची. ती तसं म्हणत नव्हती. तिचं म्हणणं असं की पत्र बंद होऊन पेटीत पडेपर्यंत तिचं काम होतं, आणि तिने अर्धं काम दुसऱ्याच्या हातात दिलं. जोसाया म्हणाला, हात भाजला होता तुझा. ती म्हणाली, डोळे भाजले नव्हते, बंद केलेलं पाकीट बघायला मागता आलं असतं.  ही नियमाची गोष्ट होती आणि नियमाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालून जोसाया कधी जिंकला नव्हता. त्या रविवारपासून मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी पाण्याचा एक टोप आला. तिच्या वाट्याच्या पाण्यातला. हात बुडवल्याशिवाय कुणाला बसू देत नव्हती, खाणीचा मुकादम, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्यालासुद्धा नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला मॅकर्डी लांबूनच हात हलवत आला. ओट्स काकांचं पत्र होतं. लव्हडेने ते फोडलं नाही. हार्टला वर बोलावून घेतलं. तो दोराच्या पाळण्यातून वर आला, टोपीवरची मेणबत्ती तशीच जळती. तिने आधी त्याला हात धुवायला लावले, मग बसवलं, आणि मग पत्र उघडलं.

काकांनी लिहिलं होतं की थैली आणि सुटं पाकीट एकाच गाडीने आली, पण बातमी त्यांच्या आधी आली. गार्डने अलीकडच्या स्टेशनावर पाकीट वाचून दाखवलं, आणि गाडी तिथे खोळंबली होती तोवर तिथल्या एका दूधवाल्याने ती गोष्ट मूंट्याच्या बाजारात आणली. पाकिटाच्या मागच्या बाजूला वाटेतल्या माणसांनी आपापलं लिहिलं होतं. एका स्टेशनमास्तरने लिहिलं होतं, वाचलं, बरं वाटलं. दुसऱ्याने लिहिलं होतं, साबण पाठवा. पोस्टमनने काळ्या कडेचं पाकीट पिशवीत खोल ठेवलं आणि टेम्परन्सच्या फाटकाशी येण्याआधी, गल्लीच्या तोंडावरूनच ओरडला की हार्ट धडधाकट आहे, फक्त आंघोळ करत नाही. टेम्परन्स खिडकीतच होती. तिने पाकीट मागून घेतलं, कड पाहिली, आणि पायरीवर बसून इतकी हसली की शेजारणी घाबरून धावत आल्या. त्यानंतर नवव्या दिवशी तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मुलगी मोठ्या आवाजात रडते. नाव अजून ठेवलेलं नाही, बापाने सुचवावं.

 हार्टच्या टोपीवरची मेणबत्ती वितळून त्याच्या कानावर गळत होती, ते त्याला कळत नव्हतं. लव्हडेने फुंकर मारून ती विझवली.

"शेवटचं पुन्हा वाच, मावशी," तो म्हणाला.

तिने वाचलं, पहिल्याइतकंच सावकाश. तोवर त्याचे जोडीदार वर आले होते, त्यांना सुरुवातीपासून ऐकायचं होतं. मग मॅकर्डीला. घोडे खोळंबले होते, तरी तो थांबला. चौथ्यांदा वाचताना भट्टीतून धूर येऊ लागला आणि कुणी उठलं नाही. त्या दिवशी मल्गा क्रीकने करपलेला पाव खाल्ला, आणि लव्हडेने तो स्वतःच्या हाताने खरवडून प्रत्येकाला वाढला.